किमोनो, गरारा आणि आलवण

लखनौहून अयोध्येच्या रस्त्याला लागलं की चिनहट येतं. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव 30 जून 1857 च्या लढाईमुळे आहे. इथे हेन्री लॉरेन्सच्या फौजेचा पराभव झाला आणि पाठोपाठ रेसिडेन्सीला वेढा पडला. बाजारात ते चकाकी दिलेल्या मातीच्या भांड्यांमुळे ओळखलं जातं. मी इथे नऊ वर्षं राहते आहे, आणि माझ्यापुरतं चिनहट म्हणजे देवा रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीतलं शिलाईचं दुकान. माझे ब्लाउज तिथे शिवले जातात आणि उर्दूतून मराठीत भाषांतर करताना कपड्यांविषयी ज्या शंका येतात, त्याही तिथेच फिटतात.

गेल्या उन्हाळ्यात मात्र मास्टरजींनी मला शंका विचारली. चौकातल्या एका व्यापाऱ्याकडून त्यांना चाळीस नगांचं काम आलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'चिकन किमोनो, फ्री साइज'. सोबत मोबाइलवर फोटो. मास्टरजी म्हणाले, "दीदी, आप तो किताबों वाली हैं. बताइए, ये किमोनो होता क्या है?"

फोटोत पांढऱ्या जॉर्जेटचं, समोरून उघडं, सैल बाह्यांचं आणि मांडीपर्यंत येणारं एक जाकीट होतं. पाठीवर बखियाची वेल. मी म्हटलं, हा किमोनो नाही. मग काय आहे, हे सांगायला मला अर्धा तास लागला.

'किमोनो' या शब्दाचा मूळ अर्थ 'अंगात घालायची वस्तू' एवढाच आहे. त्याचं कापड अरुंद असतं. सुमारे 36 ते 38 सेंटीमीटर रुंद आणि 12 मीटर लांब अशा एका ताग्यातून एक किमोनो निघतो. सगळे तुकडे सरळ कापायचे. कुठे गोलाई नाही, कळी नाही. त्यामुळे तो उसवता येतो, सुटे तुकडे धुता येतात आणि पुन्हा शिवता येतो. कमरेला ओबी बांधायची. युकाता हा त्याचाच सुती, बिनअस्तराचा भाऊ. मुळात आंघोळीशी जोडलेला, आता उन्हाळ्यातल्या जत्रांना घालतात तो. हाकामा म्हणजे कमरेखालचा चुण्यांचा कपडा. आणि किमोनोवरून घालायचं, समोरून उघडं, छातीपाशी दोरीनं बांधायचं जाकीट म्हणजे हाओरी. बाह्यांतही भेद आहे. अविवाहित मुलीच्या समारंभी किमोनोची बाही लांब लोंबती असते, तो फुरिसोदे. लग्न झालेल्या बाईचा आखूड बाहीचा, तो तोमेसोदे.

"तो ये हाओरी हुआ," मास्टरजी म्हणाले. मग थोडं थांबून, "मगर कली ही नहीं? फिर सिलाई किस बात की?"

शेवटी मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. किमोनो घालताना आपली डावी बाजू नेहमी उजवीवर यायला हवी. इ.स. 719 मध्ये जपानच्या दरबारातून तसा हुकूमच निघाला होता. उजवी बाजू डावीवर घेतात ती फक्त प्रेताला कपडे घालताना. मास्टरजींचा कात्रीचा हात थांबला. "बस, इतना-सा फ़र्क़?"

तेवढाच फरक. पण जपानी कादंबरीत एखाद्या माणसाने चुकून उजवी बाजू वर घेतली, तर तिथल्या वाचकाच्या अंगावर काटा येईल आणि आपल्याला काही कळणारही नाही. कथेतल्या कपड्याचं नाव बहुतेक वेळा एक बातमी देत असतं : या बाईचं लग्न झालंय की नाही, हे घर चढतं आहे की उतरतं, हा माणूस दरबारी आहे की दरबाराच्या दारातला, हा माणूस जिवंत आहे की नाही. नाव गुळमुळीत केलं की बातमी जाते. कपडा तेवढा उरतो, शोभेपुरता. मला वाटतं, आपल्या भाषांतरांत आणि चित्रपटांत हे सर्रास घडतं. आपल्याकडे भाषांतराची चर्चा होते ती म्हणी, वाक्प्रचार, बोली यांच्याभोवती. कपड्यांकडे कुणी फारसं पाहत नाही.

ही टीका मी स्वतःपासून सुरू करते. सहा वर्षांपूर्वी मी एका जुन्या उर्दू कथेचं भाषांतर केलं. ते एका दिवाळी अंकात छापून आलं. कथेचं नाव सांगत नाही. चूक माझी होती आणि लेखिकेच्या नावाला ती उगाच चिकटायला नको. माझ्या शेजारी एक आपा राहतात, चिकनचं काम करणाऱ्या. मुर्री आणि फंदा घालण्यात त्यांचा हात फार सफाईचा आहे. त्यांनी ती कथा हिंदीत वाचून दाखवायला सांगितली. मी माझी मराठी समोर धरून तोंडी हिंदी करत गेले. नव्या नवरीच्या वर्णनाशी आले आणि त्या हसल्या. "हमारे यहाँ की दुल्हन घागरा क्यों पहनेगी?"

मूळ शब्द होता गरारा. मी घागरा लिहिला होता. मराठी वाचकाला जवळचा वाटेल, म्हणून.

दुसऱ्या दिवशी आपांनी आपल्या लग्नाची पेटी उघडली. घागरा म्हणजे एक घेर, पाय एकत्र. गरारा म्हणजे खरं तर विजार. दोन वेगळे पाय, वरचा भाग गुडघ्यापर्यंत बेताचा, आणि गुडघ्यापाशी जोड देऊन खाली भरपूर चुण्यांचा घेर. वरच्या भागाला पाट म्हणतात, खालच्याला गोट. जोडावर गोट्याची किंवा जरीची पट्टी येते. शरारा हीदेखील विजारच, पण तिला गुडघ्याचा जोड नसतो. ती कमरेपासूनच पसरत जाते. आणि फर्शी म्हणजे पाय इतके लांब, की मागे फरशीवर लोळतात. चालताना ते उचलून, दुमडून हातावर घ्यावे लागतात. जिला घरात स्वतः पाणी भरायचं आहे ती फर्शी घालू शकत नाही. फर्शी घातलेल्या बाईच्या मागे कामाला माणसं आहेत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग आपांनी विचारलं, "और वो घुटने वाली बात? वो तो आपने पढ़ी ही नहीं."

मी ती वाचली नव्हती, कारण ती माझ्या भाषांतरात नव्हतीच. मूळ कथेत सासू नव्या सुनेला पाहते तेव्हा तिची नजर गुडघ्यापाशी थांबते. गोट कोरा आहे आणि पाट जुना. म्हणजे आईचा गरारा उसवून, वरचा भाग ठेवून, खाली नवं कापड जोडलेलं. सासू काही बोलत नाही, फक्त दिवा जरा जवळ आणायला सांगते. सगळी कथा या वाक्यावर उभी आहे. पुढे त्या मुलीच्या वाट्याला जे येतं, ते त्या जोडातून येतं. मी घागरा लिहून बसले होते. घागऱ्याला गुडघ्याचा जोड नसतो. वाक्य बसेना, म्हणून मी ते गाळलं. संपादकांच्या लक्षात आलं नाही. वाचकांच्या येणं शक्य नव्हतं. एक चुकीचा शब्द पुढचं खरं वाक्य कसं खाऊन टाकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी कपड्यांवरून वाचू लागले. लखनौत त्यासाठी सर्वांत मोठा आधार अब्दुल हलीम शरर यांचा. 'गुज़िश्ता लखनऊ' या नावानं ओळखलं जाणारं त्यांचं लेखन आधी त्यांच्याच 'दिलगुदाज़' मासिकातून येत होतं. त्यात पोशाखावर त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. जाम्यापासून अंगरखा, अंगरख्यापासून चपकन, चपकनीपासून अचकन, आणि हैदराबादेत अचकनीची शेरवानी. ही मालिका वाचताना लक्षात येतं, की यातला प्रत्येक बदल कुणाच्या तरी सोयीचा, ऐटीचा किंवा नव्या राज्यकर्त्यांच्या संगतीचा आहे. बंदांच्या जागी बटणं येतात, उघडी छाती झाकली जाते, गळा बंद होतो. कापड तेच राहतं आणि माणूस बदलत जातो.

हुसेनाबादच्या चित्रदालनात नवाबांची मोठी तैलचित्रं आहेत. त्यात वाजिद अली शाह यांचं एक आहे : अंगरख्याचा काप असा, की छातीची डावी बाजू उघडी दिसते. तिथे आलेली शाळेची मुलं हटकून हसतात. मोठी माणसंही हसतात, मनातल्या मनात. ज्या राजाला अंगभर कपडे नाहीत तो राज्य काय करणार, असं ते हसू असतं. पण तो अंगरख्याच्या शिलाईचा एक मान्य प्रकार होता. आपण चित्र पाहतो आणि कपडा वाचत नाही, म्हणून माणसाचा निकाल लावतो. त्याच्याही आधी, मोगल काळात, जाम्याचे बंद मुसलमान उजव्या बाजूला बांधत आणि हिंदू डाव्या. लघुचित्रातला माणूस कोण हे ओळखताना अभ्यासक आजही ती गाठ बघतात. जपानच्या डाव्या-उजव्याचं आपल्याला नवल वाटतं. आपल्या घरातली गाठ आपण विसरलो आहोत.

चित्रपटांतही चांगली आणि वाईट उदाहरणं सापडतात. प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' 1924 ची. सत्यजित राय यांचा चित्रपट 1977 चा. पोशाख शमा झैदींचे. त्या चित्रपटात कपडे 'नवाबी' म्हणून समोर येत नाहीत. घरात पटापुढे बसलेला मिर्झा, रस्त्यावरचा माणूस आणि दरबारातला माणूस यांचे कपडे वेगळं बोलतात. म्हणूनच शेवटाकडे वाजिद अली शाह ऊट्रमपुढे डोक्यावरचा मुकुट काढून धरतो, तेव्हा ती कृती भाषणापेक्षा मोठी होते. उलट साठच्या दशकातल्या कितीतरी 'मुस्लिम सोशल' चित्रपटांत नायिकेचा गरारा, शरारा आणि फर्शी एकाच अर्थाचे : सुंदर, खानदानी, लखनौची. आमच्याकडच्या लग्नाच्या दुकानांत आज पायघोळ विजारीला सरसकट शरारा म्हणतात, त्याचं मूळ मला या पडद्यावरच्या सरमिसळीत दिसतं.

कपड्याच्या मापाने लिहिलेली कथा कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी इस्मत चुगताईंच्या 'चौथी का जोड़ा'चं नाव घेईन. त्यातली आई कापड बेतण्यात वाकबगार. ज्या तुकड्यातून कपडा निघणार नाही असं सगळ्याजणी म्हणतात, त्यातून ती काढून दाखवते. थोरल्या मुलीसाठी, कुबरासाठी, ती चौथीचा जोडा तयार करते. चौथी म्हणजे लग्नानंतरचा विधी, आणि जोडा म्हणजे त्यासाठीचे कपडे. घरी राहत नावाचा नातलग मुलगा येतो. दागिने विकून त्याला खाऊ-पिऊ घातलं जातं. तो जातो, आणि त्याचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असतं. कुबरा क्षयानं मरते. शेवटी त्याच चौकीवर, त्याच हातांखाली, पांढरं कापड पसरलं जातं, आणि आई कफन बेतते.

या कथेला भाषांतरात मारणं अगदी सोपं आहे. 'जोडा'चं 'लग्नाचा पोशाख' केलं की काम झालं. लग्नाचा पोशाख कुणीही विकत आणतं. चौथीचा जोडा बेतावा लागतो, त्याला माप लागतं, त्याचा दिवस ठरलेला असतो. कफनालाही माप लागतं. कथेची सगळी क्रूरता या दोन मापांमध्ये आहे. तिथे बेतणं, कापणं, जोड देणं ही क्रियापदं मराठीत ठामपणे यायला हवीत, आणि ती आपल्याकडे आहेत. आपल्या आज्या चोळ्या बेतत होत्या. 'बेत' हा शब्द आपण लग्नालाही वापरतो आणि कापडालाही. मराठीतली ही दुहेरी सोय एखाद्या भाषांतरकाराने वापरली, तर चुगताईंची कथा मराठीत थोडी जास्तच खोल जाईल असं मला वाटतं.

तनिझाकी जुनइचिरो यांची 'सासामेयुकी' याच दुःखाची श्रीमंत बहीण आहे. ओसाकाच्या एका उतरत्या घराण्यातल्या चार बहिणी, आणि तिसरीचं, युकिकोचं, न जमणारं लग्न. 1943 मध्ये मासिकातून येऊ लागलेली ही कादंबरी लष्करी राजवटीने मध्येच थांबवली. युद्धाच्या दिवसांत बायकांचे कपडे आणि लग्नं कसली, असा त्यांचा रोख होता. पण त्या कपड्यांतच तो काळ होता. युकिको जपानी पोशाख सोडत नाही, धाकटी ताएको पाश्चात्त्य कपड्यांत वावरते, आणि दुसरी बहीण दोन्हींच्या मध्ये. शेवटी लग्नाचे किमोनो घरी येतात आणि नवरी ते पाहून खिन्न होते. अशा कादंबरीत प्रत्येक किमोनोला 'झगा' म्हणून चालणार नाही. झगा मराठीत लहान मुलीचा असतो किंवा फकिराचा.

हे सगळं दूरच्यांचं झालं, असं कुणाला वाटत असेल तर मराठीतला एक शब्द घेते : आलवण. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेनं नेसायचं तांबडं लुगडं. हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधली यमू ज्यातून गेली त्या काळातला हा शब्द. त्याचं इंग्रजीत किंवा हिंदीत कुणी 'लाल साडी' केलं तर? उत्तरेतला वाचक लाल साडी वाचताच नवरी समजेल. जिचं सगळं संपलं, तिचं भाषांतरात लग्न लागेल. आपल्याला हे वाचूनसुद्धा शहारा येतो. मग गरारा आणि घागरा यांची अदलाबदल आपल्याला क्षुल्लक का वाटावी?

2015 मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला तेव्हा 'पिंगा' गाण्यावरून महाराष्ट्रात वाद झाला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, हा एक आक्षेप. नऊवारी अशी नेसतात का, हा दुसरा. पुष्कळांनी दुसऱ्या आक्षेपाला हसण्यावारी नेलं. मला तोच जास्त साहित्यिक वाटला होता. कोळणीचं गुडघ्याबरोबरचं नेसणं, ब्राह्मण घरातलं नेसणं आणि फडावरचं नेसणं यांत बाईचं आख्खं आयुष्य बदलतं. पडद्यावर ते एक झालं की बाईही एक होते : नाचणारी.

याला एक उत्तर दिलं जातं, आणि ते मला टाळायचं नाही. नावं काही दगडावर कोरलेली नसतात. शररांची मालिकाच सांगते की अंगरख्याची चपकन झाली ती कुणीतरी जुना भेद मोडला म्हणून. शेरवानी ही मिसळीतूनच जन्मली. उद्या 'चिकन किमोनो' हा खराच एक कपडा होईल आणि माझ्यासारखी कुणी त्याचे प्रकार सांगत बसेल. शिवाय पानापानावर परके शब्द आले तर वाचक अडखळतो, पुस्तक मिटतो. हे दोन्ही मला मान्य आहे. सगळी नावं जपण्याचा आग्रह कथेचं कपाट करून टाकेल.

म्हणून माझी कसोटी छोटी आहे. या जागी दुसरा कपडा ठेवला तर पुढचं काही बिघडतं का? बिघडत नसेल तर खुशाल सोपा शब्द घ्यावा. बिघडत असेल तर नाव ठेवावं, आणि तळटीप देण्याआधी क्रियापदाला कामाला लावावं. 'तिनं फर्शी पायजमा दुमडून हातावर घेतला आणि पायरी उतरली' असं लिहिलं की टीप लागत नाही. वाचकाला कपडा दिसतो. आणि भाषांतरकाराने निदान एकदा, ज्याचे हात त्या कापडावर चालतात अशा माणसाला विचारावं. शब्दकोशात गरारा शब्दापुढे 'एक प्रकारचा पायघोळ पोशाख' असं काहीतरी सापडेल. गुडघ्याचा जोड तिथे सापडणार नाही.

मास्टरजींचे चाळीस नग वेळेवर गेले. लेबलवर 'किमोनो' असंच छापलं होतं. व्यापाऱ्याला तेच विकायचं होतं. मास्टरजींनी ते मला दाखवलं आणि खांदे उडवले. त्यांच्या वहीत मात्र त्यांनी हिशोबापुढे लिहून ठेवलं आहे, 'हाओरी, 40'.

माझ्या भाषांतरांचं पुस्तक आता तयार होत आहे. त्यात ती कथा पुन्हा येईल. मी गरारा ठेवला आणि गाळलेलं वाक्य परत घातलं. टीप लागली नाही. गोट हा शब्द मराठीतही आहे, गोधडीला असतो, परकराला असतो. परवा संध्याकाळी आपांना नवा मजकूर वाचून दाखवला. त्या मान खाली घालून मुर्री भरत होत्या.

"पाट पुराना था, ये आ गया?" त्यांनी विचारलं.

"आ गया."

"और वो दिया पास लाने वाली बात?"

"वो भी."

त्यांनी दोरा तोडला आणि सुईत नवा ओवायला घेतला.